थरथर कुणाची?

खोली भाड्याने घ्यायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला, "झोपताना पाय पांघरुणाच्या आत असतात की बाहेर?"

मी उठून चालू लागणार होते. एकटी बाई खोली बघायला गेली की कसकसले प्रश्न येतात याची मला सवय होती. लग्न का नाही केलं, घरी यायला किती उशीर होणार, मटण-मासे करणार का. पण पाय? मी पर्स उचलली तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, ती पेशंट नाहीये! खोलीसाठी आलीये!"

"असं होय," ते म्हणाले. जराही ओशाळले नाहीत. "तरी सांगा. आत की बाहेर?"

"बाहेर," मी चिडून म्हणाले.

"मग तुम्हाला उकाडा सोसत नाही. वरची खोली एप्रिलमध्ये भट्टी होते. दुसरा पंखा लावून देतो."

आणि खरंच दिला लावून. मी इंदिरानगरातल्या त्या घरात पुढे कितीतरी वर्षं राहिले त्याला तो पंखा कारणीभूत, असं मी लोकांना सांगते. खरं कारण घरमालक हेच.

ते होमिओपॅथीचे डॉक्टर. खाली दवाखाना, मागे त्यांचं घर, वर मी. उंच, हाडकुळे, नाशिकच्या थंडीत डोक्याला माकडटोपी आणि पाय मात्र अनवाणी. चप्पल त्यांना सोसायचीच नाही. भाजी आणायला अनवाणी, बँकेत अनवाणी, एकदा तर कुणाच्या लग्नात सूट घालून अनवाणी. बायको म्हणायची, "लोकांना वाटतं नवस बोललाय." ते म्हणायचे, "तळपायाला जे कळतं ते डोक्याला कळायला वेळ लागतो."

मला होमिओपॅथीवर काडीचा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आता नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. "नसू दे," ते म्हणाले. "गोळ्या गोड असतात." आणि औषध न टाकलेल्या मूठभर कोऱ्या गोळ्या हातावर ठेवल्या. गल्लीतली सगळी पोरं त्या गोळ्यांसाठी दवाखान्यात खोटं खोटं खोकत यायची आणि डॉक्टर त्यांनाही गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "खोकला कोरडा की ओला?"

प्रश्न हा त्यांचा रोग होता म्हणा ना. दूधवाल्याला म्हणाले, "दूध पातळ वाटतंय, पण रोज की ठरावीक वारी?" दूधवाला तिथल्या तिथे कबूल झाला. मी एकदा ऑफिसातून तणतणत आले. अंबडला एका कंपनीच्या खरेदी खात्यात मी नोकरी करते, आणि तिथे तणतणायला रोज काहीतरी मिळतं. फाटकातच यांनी गाठलं. "राग आलाय. जेवणाआधी आला की नंतर?" आता यावर माणूस काय बोलणार? मला हसू फुटलं आणि राग कुठल्या कुठे गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तोच प्रश्न परत विचारला तेव्हा मी फाटक आपटलं. रोज रोज कुणाचं कौतुक होत नाही.

त्यांचा दुसरा हेका म्हणजे एका वेळी एकच औषध. "दोन दिली आणि गुण आला तर कुणाला शाबासकी द्यायची?" हा नियम पेशंटपुरता असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण एकदा गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली येईना. प्लंबर म्हणाला, पाइप बदलू, कॉक बदलू, फ्लोट बदलू, विषय संपला. डॉक्टर म्हणाले, "आज फक्त कॉक बदला. उद्या बघू." उद्या काही नाही. मग पाइप. परवा काही नाही. मी शेजाऱ्यांकडून बादल्या आणतेय, त्यांची बायको कपाळावर हात मारून बसलेली, आणि हे खुशीत! शेवटी टाकीच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी अडकलेली निघाली. "बघा," डॉक्टर प्लंबरला म्हणाले, "तुमचं ऐकलं असतं तर सगळं नवं बसलं असतं आणि पिशवी तिथेच राहिली असती." मी तेव्हा त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तर अशा माणसाच्या दारात मी अण्णांची गाडी आणून उभी केली.

अण्णा म्हणजे माझे वडील. मनमाडला रेल्वेत तिकीट खिडकीवर होते, निवृत्त झाल्यावर चांदवडला घरी राहायला गेले. आई गेल्यावर तिथेच एकटे. निळी, जुनी, चारचाकी गाडी हा त्यांचा जीव. आठवड्याला एकदा ती काढायची आणि लासलगावला आत्याकडे जायचं. आत्या त्यांच्याहून मोठी, गुडघ्यांनी घरात बसलेली. दोघं भेटून करायचे काय, तर भांडायचे. कांद्याचा भाव, भाच्याची बायको, त्यांच्या आईच्या हाताची भाकरी जाड होती की पातळ. पण तो वार चुकायचा नाही.

एक दिवस अण्णांचा फोन आला. "गाडी घेऊन जा तू. माझ्या हाताला आता स्टिअरिंग झेपत नाय. लय थरथरतात."

मी चांदवडला गेले. हात खरंच थोडे थरथरत होते. शर्टाचं वरचं बटण लावताना मी पाहिलं, आणि मी पाहतेय हे त्यांनी पाहिलं. माझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, कंपवात होता. शेवटची वर्षं आत्यानेच त्यांचं सगळं केलं. अण्णांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की आपल्याला तेच झालंय. डॉक्टरला दाखवायचं नाही, कारण उत्तर माहीत आहे. आणि आत्याकडे जायचं नाही.

"तिनं बापाचं केलं," ते म्हणाले. "आता माझे हात बघितले म्हणजे पुन्हा तेच दिसंल तिला. नको."

मी गाडी घेऊन निघाले. चांदवड सोडलं, रस्ता मोकळा मिळाला, काटा साठजवळ गेला आणि माझ्या हातात स्टिअरिंग थरथरायला लागलं. पायाखालचा गाडीचा पत्राही. मी गाडी बाजूला घेतली आणि तिथूनच फोन लावला. "अण्णा, गाडी थरथरतेय! तुमचे हात नाहीत, गाडी आहे!"

"बरं बरं," ते म्हणाले. लहान मुलाला समजावतात तसं. मी त्यांचं मन राखायला बोलतेय असं त्यांना वाटलं. मला रडूच आलं. एक तर थरथर गाडीची असेल, किंवा हातांची, किंवा दोन्हींची. पण ते कळणार कसं? गाडी आधी गप्प झाली पाहिजे, मग त्यांनी स्टिअरिंग धरलं पाहिजे, त्याशिवाय हा माणूस कुणाचं ऐकायचा नाही.

नाशकात द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात गाडी टाकली. मिस्त्री हुशार, हात झरझर चालणारा, तोंड त्याहून जास्त. चाकांचं बॅलन्सिंग केलं. अलाइनमेंट केलं. पुढचे टायर मागे, मागचे पुढे. थरथर तिथेच. मग म्हणाला, बुश बदलू, शाफ्ट बदलू, सगळंच एकदा करून टाकू. आणि शेवटी ते वाक्य, "मॅडम, गाडीचं वय झालंय. एवढं तर होणारच."

हेच चांदवडचे शेजारी अण्णांबद्दल म्हणाले होते. माझं डोकं फिरलं. मी गाडी घेऊन घरी आले आणि फाटकात गाडीचं दार असं आपटलं की डॉक्टर पेशंट सोडून बाहेर आले.

"काय होतंय तिला?"

"थरथरते."

"गार असताना की तापल्यावर?"

"दोन्ही वेळा."

"चढाला वाढते की उताराला?"

"डॉक्टर, मी दमलेय."

"ब्रेक दाबला की? वळताना? एकटी असलीस की चारजण बसल्यावर?" ते गाडीभोवती फिरत होते, बॉनेटवर तळहात ठेवत होते. "भीती वाटते?"

"गाडीला?"

"तुला."

"वाटते," मी म्हणाले, आणि फाटकात उभ्या उभ्या अण्णांचं सगळं सांगून टाकलं. आत पेशंट ताटकळत होता. डॉक्टरांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "रविवारी सकाळी निघू. काही खाऊ नकोस."

"उपाशीपोटी तपासणी असते का गाडीची?"

"नाही गं. नंतर मिसळ खायची आहे."

रविवारी आम्ही विल्होळीच्या बाजूला हायवेला लागलो. डॉक्टर पुढे बसले नाहीत. मागच्या सीटवर मधोमध बसले, दोन्ही अनवाणी तळवे गाडीच्या जमिनीला टेकवले, डोळे मिटले. आरशात बघितलं तर ध्यानाला बसल्यासारखे. मला एकीकडे हसू येत होतं, एकीकडे ट्रकवाले हॉर्न मारत होते.

"साठला आण."

आणली. थरथर सुरू.

"आता गिअर काढ. न्यूट्रल. नुसती पळू दे."

मी गिअर काढला आणि थरथर गेली. एकदम. कुणी बटण बंद करावं तशी. गाडी तितक्याच वेगात पळत होती.

"चाकं तेवढीच फिरताहेत ना?" मागून आवाज आला. "वेग तोच, रस्ता तोच. थरथर गेली. म्हणजे चाकांकडे बोट दाखवायला जागा नाही. चाकं निर्दोष!" आणि टाळी वाजवली. मग रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी उभ्या गाडीला रेस करायला लावलं. एका ठरावीक आवाजाशी पायाखाली बारीक थरथर आली. "इंजिनाच्या अंगाचं दुखणं," ते म्हणाले. "चला, एक कारण बाद. मिसळ."

हा त्यांचा रिवाज होता. कारण सापडलं की सगळेच खातात, डॉक्टर मात्र कारण बाद झालं की खायचे. त्या दिवशी त्यांनी दोनदा रस्सा मागवला आणि पापड कुस्करून घालता घालता शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "चाकं निर्दोष निघाली." त्या माणसाने अभिनंदन केलं.

मग त्यांनी निदान केलं. इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसतं त्या बैठका कडक झाल्यात. मी मिस्त्रीला सांगून बैठका बदलल्या, दुसऱ्या कशाला हात लावू दिला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा हायवे, पुन्हा मागची सीट, पुन्हा मिटलेले डोळे. साठ. थरथर होती तश्शी.

मी आरशात बघितलं. डॉक्टरांनी डोळे उघडले. "चुकलो," म्हणाले. चेहऱ्यावर एवढा आनंद, की लॉटरी लागली असती तरी एवढा झाला नसता. "बैठका बाद. मिसळ!"

"चुकल्याचीसुद्धा?"

"अगं, काल आपल्याला माहीत नव्हतं. आज माहीत आहे. तोंड कशाला पाडतेस?"

मिसळीच्या टेबलावर मी भडकले. म्हटलं, बास झालं, मी गाडी विकते. लोक भंगारात घालतात, मी तरी विकतेय.

"विकून टाक," डॉक्टर म्हणाले. "गाडी जाईल, प्रश्न राहील. अण्णा जन्मभर समजणार की थरथरणारे ते स्वतः होते. आणि तुलाही खात्रीने सांगता यायचं नाही."

खरं होतं ते.

"आपलं एक चुकलंच," ते म्हणाले. "आपण मुलीला विचारून बापावर उपचार करतोय. ज्याची तक्रार आहे त्याच्याशी मी अजून बोललोच नाही. त्यांना आण."

अण्णा यायला तयार नव्हते. "माझं काय काम तिथं? गाडी तुझी झाली आता." मी चिडले, समजावलं, शेवटी हात टेकले. मग सहज म्हणाले, "माझ्या घरमालकांनी तुम्हाला बोलावलंय हो. काय सांगू त्यांना?"

"घरमालकांनी?" अण्णा उठलेच. "मग अगोदर सांगायचं ना. लेकीच्या घरमालकाचा शब्द मोडायचा का?" आणि धुतलेला सदरा घालून, पिशवीत शेंगा भरून निघाले. वाटेत माझ्या शेजारी बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. थरथर सुरू झाली की खिडकीबाहेर बघायचे.

दवाखान्यात डॉक्टरांनी पेशंटची खुर्ची पुढे केली. अण्णांनी शेंगा दिल्या. दोघं शेंगा सोलायला लागले, आणि मी कोपऱ्यात बसून बघत राहिले. कारण अण्णांना इतके प्रश्न आयुष्यात कुणी विचारले नव्हते. मनमाडच्या खिडकीवर लोक त्यांना एकच प्रश्न विचारायचे, गाडी कधी येणार. इथे एकजण विचारत होता, थरथर आधी बोटांना कळते की मनगटाला? चढाला स्टिअरिंग जड होतं का? गाडी उभी राहिली की हात लगेच थांबतात की उशिरा? अण्णा आधी एका शब्दात, मग चार शब्दांत, मग थांबेचनात.

"हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाडव्यापासून."

"त्याच्या आधी?"

"आधी काय नाय. गाडी लोण्यासारखी चालायची."

"पाडव्याला काय झालं?"

"अक्काकडं गेलतो लासलगावला. जेवलो, आलो."

"जाताना थरथर होती?"

"नाय."

"येताना?"

"येताना होती. तवाच तर कळलं ना, हात गेले म्हणून."

डॉक्टरांनी हातातली शेंग खाली ठेवली. "जाताना नव्हती, येताना होती. जेवणात काय होतं?"

"पुरणपोळी."

"नेहमीची?"

"नेहमीची. जरा जास्त खाल्ली."

मी डोळे मिटून घेतले. आता हा माणूस पुरणपोळीला दोष देणार.

"आणि रस्त्यात?"

"रस्त्यात काय नाय. तेवढा सायलेन्सर लोंबला होता, तेवढंच."

डॉक्टर पुढे सरकले. "सांगा."

त्यात सांगायचं काय, असा अण्णांचा चेहरा. पण सांगितलं. परत येताना गाडीखाली खडखडाट झाला. सायलेन्सर ज्या रबरावर टांगलेला असतो ते तुटून तो रस्त्याला घासत होता. बाजूच्या द्राक्षबागेतून एक माणूस धावत आला. सणाचे नवे कपडे अंगावर. बागेतली तार आणि पक्कड घेऊन तसाच गाडीखाली शिरला आणि सायलेन्सर बांधून दिला.

"लय भला माणूस," अण्णा म्हणाले. "कपड्याचा चिखल झाला, पण हू की चू केलं नाय. म्हणाला, बाबा, आता गाडी मोडंल पण हे नाय हलायचं."

"आणि हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?" मी ओरडलेच.

"सांगायचं काय त्यात? ते तर नीट झालं होतं ना," अण्णा म्हणाले. "बिघडलेलं सांगतात. नीट झालेलं कोण सांगतं?"

डॉक्टर टॉर्च घेऊन बाहेर पळाले. पांढरा सदरा, अनवाणी पाय, आणि अंगणातल्या फरशीवर सरळ उताणे. गाडीखालून नुसते तळवे दिसत होते. थोड्या वेळाने आवाज आला, "अण्णा, काय बांधलंय हो! वा! वा!"

मीही वाकून बघितलं. द्राक्षवेलींचा सगळा भार पेलणारी ती जाड तार. सायलेन्सरला वेढे देऊन वर गाडीच्या तळाशी आवळलेली, पीळ घालून टोकं आत दुमडलेली. गॅरेजवाल्याने ती पाहिली नव्हती असं नाही. "मॅडम, सायलेन्सर एकदम टाइट आहे," असं कौतुकाने सांगितलं होतं मला. आपल्याकडे घट्ट म्हणजे चांगलं. आणि इथे नेमकं तेच नको होतं. सायलेन्सर रबरावर टांगतात तो हलावा म्हणूनच. इंजिनाची थरथर त्याच्याजवळ राहते, आत येत नाही. या भल्या माणसाने तो तळालाच जखडला. झालं, इंजिनाची थरथर तारेतून तळाला, तळातून स्टिअरिंगला, आणि स्टिअरिंगमधून अण्णांच्या हातात.

"सोडतो हं," डॉक्टर खालून म्हणाले.

"तोडू नका," अण्णा घाईने म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं. "सणाच्या दिवशी खाली झोपला होता हो तो. उपकार केले त्यानं."

"उपकारच केले. तो नसता तर तुम्ही घरी पोचला नसता. त्याने घरी पोचवायला बांधलं, आपण जन्मभर ठेवलं. त्यात त्याचा काय दोष?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात नवं रबर बसलं. मिस्त्री म्हणाला, गाडी वर घेतलीच आहे तर क्लचचं पण बघून टाकू. डॉक्टर म्हणाले, "एका वेळी एक." या वेळी मी त्यांच्या बाजूने होते.

गॅरेजच्या दारात त्यांनी किल्ली अण्णांपुढे धरली. अण्णा मागे सरकले. "नको. तिला चालवू द्या. माझे हात..."

"हातांचं उद्या. आज गाडीचं," डॉक्टर म्हणाले. मग आवाज खाली आणला. "अण्णा, खोटं सांगत नाही. हात थोडे थरथरतात, मला दिसतंय. पण त्यातलं तुमचं किती आणि गाडीचं किती हे तुम्ही वेगळं केलंच नाहीत. सगळं स्वतःच्या नावावर घेतलंत. आज गाडीचं बाजूला काढू. उरेल त्यासाठी मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं, माझ्या गोळ्यांचं ते काम नाही. मी येतो तुमच्याबरोबर."

मला तेव्हा या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण त्यांनी विचारलं असतं, आधी उजवा की डावा.

अण्णा चालवायला बसले. मी शेजारी, डॉक्टर मागे मधोमध, तळवे जमिनीवर. आडगाव गेलं, ओझर गेलं. अण्णा पन्नासच्या वर जाईनात. मागून ट्रक कर्कश्श ओरडून पुढे जात होते. त्यांचे हात स्टिअरिंगवर आवळलेले, बोटं पांढरी पडलेली.

"अण्णा, साठ," मागून आवाज आला.

देवाचं नाव घेणाऱ्यांतली मी नव्हे, पण घेतलं. काटा पंचावन्नला गेला. अठ्ठावन्न. साठ. पासष्ट.

काही नाही. स्टिअरिंग गप्प. पायाखाली नुसता रस्त्याचा आवाज. अण्णांनी एक हात हळूच सैल केला, मग दुसरा. सत्तर.

"गाडीच होती?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"गाडीच होती अण्णा."

त्यांचे डोळे भरून आले. माझेही. मागून डॉक्टर म्हणाले, "दोघांनी रडायचं नाही, एकाला रस्ता बघायचाय." तेव्हा आम्ही तिघंही हसत सुटलो आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढे महिन्याभराने आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडेही गेलो. बोलल्याप्रमाणे हे आले, तिथेही अनवाणी. तपासून तिथले डॉक्टर म्हणाले, हा कंपवात नाही, आजोबांना होता तो तर नाहीच. वयाची थरथर आहे, काही जणांना असते, लक्ष ठेवू. बाहेर आल्यावर आमचे डॉक्टर म्हणाले, "एक कारण बाद," आणि अण्णांनीच विचारलं, "इथं मिसळ कुठं चांगली मिळती?" आता मी पाथर्डी फाट्याला स्वतःच्या घरात राहते, पण महिन्यातल्या एका रविवारी ते दोघं मला न विचारता भेटतात आणि कुणाची तरी गाडी तपासतात. गेल्या वेळी निदान साफ चुकलं म्हणे. फार खुशीत होते.

पण त्या दिवशी यातलं काही माहीत नव्हतं. पिंपळगाव मागे पडलं, चांदवडकडे सरळ रस्ता होता, आणि अण्णांनी लासलगावकडे गाडी वळवली.

"आत्याला फोन करू?" मी विचारलं.

"नको. फोन केला की ती सैपाकाला लागंल."

आत्या दारातच बसलेली होती. गाडी बघून उठायची धडपड करू लागली. "आला का रे भाऊ?" म्हणाली. "मला वाटलं मेलास." मग दहा मिनिटं त्यांचं भांडण झालं. डॉक्टर तेवढ्यात तिच्या गुडघ्यांकडे वळले, "जिना चढताना जास्त की उतरताना?" आणि आत्या म्हणाली, "आमच्या घराला जिनाच नाय." पहिल्यांदाच त्यांना पुढचा प्रश्न सुचला नाही.

चहा आत्याने स्वतः ओतला. सुनेला ओतू दिला नाही. डॉक्टरांना भरून कप दिला, मला भरून दिला. अण्णांनी हात पुढे केला. बोटं किंचित थरथरली. त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "मला नको. आत्ताच झाला." एवढं सगळं करून शेवटी इथेच अडणार होतं का?

आत्याने भावाच्या हाताकडे बघितलं. मग कप अर्धा भरला आणि त्याच्या हातात दिला.

"आबांना अर्धाच द्यायचे मी," ती म्हणाली. "सांडायचा नाय. अन् दोनदा मागून प्यायचे, म्हणजे घरात सगळ्यांत जास्त चहा त्यांनाच मिळायचा. लबाड होते. घे."

अण्णांनी कप घेतला. एक थेंब सांडला नाही. चहा संपवून त्यांनी रिकामा कप बहिणीपुढे केला.